दिनकररावांचा पहिला तांब्या

“अहो दिनकरराव, हातोडी आहे ती, मोरपीस नव्हे! तांब्या ठोकताय की गुदगुल्या करताय त्याला?” मी असा ओरडलो की मंडईवरची कबुतरं उडाली, ती थेट हडपसरला जाऊन बसली.

आज बायको चिंच लावून जुना तांब्या घासत होती. त्या आंबट वासानं मला तीस वर्षं मागं, कसबा पेठेतल्या आमच्या तांबटाच्या दुकानात नेलं. कारखाना बंद पडला म्हणून माझा मेव्हणा दिनकर आमच्याकडे काम शिकायला आला होता. महिन्याभरात त्याच्या घरी पाळणा हलणार होता.

मी कारागीर असा, की माझे ठोके बघून मुंग्या रांगेत चालायला शिकल्या. पण दिनकरचा एक ठोका वाकडा पडला की माझं डोकं तापायचं. “सरका, बघा,” म्हणत मी हातोडी हिसकावायचो आणि अख्खा तांब्या ठोकून मोकळा व्हायचो. तो बिचारा नुसता घाम पुसायचा.

तिसऱ्या दिवशी मी वडिलांना म्हणालो, “अण्णा, यांना जन्मात जमायचं नाही.”

अण्णांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं. आज घासला तो तांब्या त्याच दुपारचा. ठोके सगळे वाकडे, पण अजून पाणी पितो आम्ही त्यातून. पुढं दिनकरनं चार कारागीर तयार केले. मी फक्त कबुतरं उडवली.

त्या दुपारी मात्र मी कुरकुरलो, “तीन दिवस घसा फोडून शिकवलं हो मी.”

“हातोडी तीन दिवस तुझ्याच हातात होती,” अण्णा म्हणाले.