त्र्याऐंशी वेळा

मार्च संपत आलेला. रविवारची दुपार, काळाचौकीत आमच्या चाळीखाली कॅरम चालू होता. पप्पांचा मोबाईल माझ्याकडे होता, कारण स्टोरेज फुल झालेलं आणि तो साफ करून द्यायचं काम घरात माझंच.

साफ करता करता त्यांचा गाण्यांचा प्लेयर उघडला. त्यात सगळ्यात वरती लिस्ट... काय ऐकलं, कधी ऐकलं, किती वेळा ऐकलं. एकच फाईल, त्र्याऐंशी वेळा. लावून बघतो तर पप्पांचाच आवाज.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... आमचे पप्पा आधी चाळीच्या गायन पार्टीत भीमगीतं गायचे. मी चौथी-पाचवीत असताना बंद केलं, ड्युटी जमेना म्हणून. ही रेकॉर्डिंग तेव्हाच्या जयंतीची, मागे ढोलकी आणि पब्लिकच्या शिट्ट्या.

मी म्हणजे मी. मंडळाचा ब्लूटूथ स्पीकर बाजूलाच होता, जोडला. माईकवाल्यासारखा आवाज काढून बोललो, "ऐकूया असं गाणं, जे त्र्याऐंशी वेळा ऐकलं गेलंय... आणि ऐकणारा माणूस एकच, गायक स्वतः."

पोरं कॅरमवर पडून हसली. वरच्या गॅलरीतून बायका हसल्या. पप्पा जिन्यातून खाली येत होते, ते पण हसले... बोलले, "बंद कर रे बावळटा," आणि मोबाईल घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून चाळीत त्यांचं नाव पडलं त्र्याऐंशी. "काय त्र्याऐंशी, निघाले काय ड्युटीला?" बारकी पोरं तर विचारायची, "काका, सेंच्युरी कधी?" पप्पा हात दाखवायचे, हसायचे, जायचे. मला वाटलं, एन्जॉय करतायत.

चारेक दिवसांनी मला बोलले, "सिद्धू, दुसरं कायतरी टाकून दे. जे मोजत नाही असं."

मी जुना प्लेयर काढून एक साधं ॲप शोधून टाकलं. व्हिडिओ लावा, गाणी लावा, संपलं. जाहिरात नाही, लॉगिन नाही, नेट मागत नाही, काय ऐकलं काय बघितलं काहीच लक्षात ठेवत नाही. मी एकदम सेल्समनसारखं समजावलं त्यांना.

"म्हणजे कोणालाच कळणार नाही?"

"ज्याने बनवलं त्याला पण नाही कळणार, पप्पा."

"बरं," बोलले आणि इयरफोन लावला.

खरं सांगतो, तेव्हा पण मी सुधारलो नाही. खाली जाऊन पोरांना डोळा मारून सांगितलं, पप्पा हल्ली भलतंच काहीतरी बघतायत, म्हणून लपवतात. हे लिहायला पण लाज वाटतेय. पण बोललो होतो, तर लिहितो.

मग जयंती आली. स्टेज, लायटिंग, गायन पार्टी, सगळं कडक. पार्टीतले ढोलकीवाले नाना मध्ये चहाला खाली उतरले, तर मी सहज विचारलं, "नाना, पप्पांचं ते जुनं गाणं कोणी घेतलं नाही?"

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "कोण घेणार? तुझाच बाप गाणार होता."

मला काय कळेना. मग नानांनी सांगितलं, ते गाणं त्यांनीच लिहिलेलं, आमच्या चाळीबाहेर कुठे सापडणार नाही. त्यांची गाण्यांची वही छपराच्या गळतीत भिजून लगदा झाली, आणि नानांना स्वतःला पण सगळं आठवत नाही. शब्द उरले ते फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये.

"एवढ्या वर्षांनी मीच त्याला तयार केलेला," नाना बोलले. "तिसरा अंतरा बसत नव्हता त्याचा. येता-जाता, जेवणाच्या सुट्टीत, तेच ऐकायचा. घरात कोणाला सांगू नका बोललेला, पोराला एकदम स्टेजवरूनच दाखवतो... मग एक दिवस आला आणि बोलला, नाना, माझं नाव काढा. लोक मोजायला लागलेत."

पोराला म्हणजे मला.

पप्पा कुठे होते? मंडपाच्या मागे, सरबताच्या पिंपापाशी. पोरांना ग्लास भरून देत होते. एक बारका ग्लास घेता घेता बोलला, "काका, सेंच्युरी झाली का?" पप्पा हसले. त्या पोराला हे मीच शिकवलेलं.

ते हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. जिन्यातून उतरताना हसले होते, तेच होतं. तोंडच फक्त हसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा मोबाईल उघडला. परत आगाऊपणा, माहीत आहे... फाईल आहे. डिलीट केलेली नाही. पण त्यानंतर एकदा तरी लावली का, ते कुठेच दिसत नाही. सगळीकडे बोट फिरवलं. मीच टाकलेलं ॲप, आणि ते आपलं काम एकदम इमानदारीत करतंय.

ते आल्यावर बोललो, "पप्पा, तेव्हाचं ते कॅरमजवळचं... चुकलं माझं."

"कुठलं रे?" तेच हसणं. "गंमतच तर केलीस." आणि इयरफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसले.

दहा बाय बाराची खोली आमची. शेजाऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, पण माझ्यापासून दोन हातांवर बसलेला माझा बाप काय ऐकतो, मला कळत नाही. बातम्या असतील. तिसरा अंतरा असेल.

शंभर झाले, की त्र्याऐंशीवरच थांबलंय... विचारायची हिंमत नाही, आणि ते सांगणार नाहीत.