वहिनीचा झारा आणि लुसिया

अख्ख्या कतारमध्ये माणूस काय बोलतो ते सोडून कसा बोलतो एवढंच ऐकणारी एकच बाई आहे, आणि ती माझी वहिनी आहे. लहान मुलांच्या बोलण्यातल्या अडचणी शोधणं हा तिचा पेशा; पण तो दवाखान्यात ठेवून घरी यावं हे तिला ठाऊक नाही. दर शुक्रवारी मी मेसईदहून तिच्याकडे उम्म सलालला जेवायला जायचो. एकदा "वहिनी, दूध!" म्हणून ओरडलो, तर म्हणाली, "भावजी, घाबरलात की तुम्ही निम्मंच वाक्य बोलता." दूध उतू गेलं.

वर्ल्डकपच्या स्टेडियमांची कामं तेव्हा जोरात होती. त्यासाठी स्पॅनिश बोलणारे इंजिनिअर बायकापोरांसह आले होते. त्यांची मुलं इंग्रजी शाळेत गप्प बसली, की शाळा त्यांना वहिनीकडे धाडायची. "इंग्रजी न येणं हा आजार असता, तर आपलं निम्मं नाशिक ॲडमिट करावं लागलं असतं," ती म्हणायची. मग स्वयंपाकघरातला झारा, किसणी, लाटणं पुढे ठेवून त्यांची मराठी नावं मुलांना शिकवायची. हे शब्द त्यांच्यापैकी कुणालाच येत नसत, म्हणजे सगळी पोरं सारखी. आधी काय येतं यापेक्षा नवं कसं शिकतात ते बघायचं. बहुतेक पोरं खेळता खेळता शिकत आणि 'अडचण काही नाही' म्हणून सुटत. झारा कायम दवाखान्यात, म्हणून दादा पुऱ्या डावानेच तळायचा.

कोलंबियाची सहा वर्षांची लुसियाही अशीच सुटणार, असं आम्ही धरून चाललो होतो. तिची आई एका शुक्रवारी तिला घरीच घेऊन आली. लुसियाने लाटणं माझ्या गुडघ्यावर मनसोक्त आपटलं, पण त्याचं नाव काही तिच्या तोंडी बसेना. आई म्हणाली, स्पॅनिशमध्येही धाकटा भाऊ हिच्या पुढे गेलाय. शाळेने सांगितलं होतं, दोन भाषांचा गोंधळ होतोय, घरी इंग्रजीच बोला. आईला इंग्रजी जेमतेम. त्यामुळे कित्येक महिने माय-लेकींचं बोलणं ये, जेव, झोप एवढ्यावर आलं होतं.

वहिनी आईकडे वळली. मग इंग्रजीत, सावकाश म्हणाली, "अडचण खरी आहे. दोन्ही भाषांत आहे. पण स्पॅनिशमुळे झालेली नाही. आपण मेहनत घेऊ."

"म्हणजे मी हिच्याशी स्पॅनिश बोलू?"

"बोलाच. भरपूर बोला."

ती बाई तिथेच फरशीवर बसली, लेकीला मांडीत घेतलं आणि बोलत सुटली. आम्हाला एक शब्द कळत नव्हता. माझे डोळे भरून आले. लुसियाने अडखळत काहीतरी विचारलं, तशी आई हसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.