एसटीडीवर घेतलेलं नाव

ताडकळसच्या बसथांब्याजवळ भीमाशंकर साखऱ्यांचं किराणा दुकान होतं. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. दुकानातली एक भिंत त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली होती आणि तिच्यावर निळ्या ऑइलपेंटनं एक यादी रंगवली होती. वर मथळा, 'दुकानात काय कधी आलं'. खाली पेट्रोमॅक्स, विजेचा बल्ब, रेडिओ, घड्याळी तराजू, टीव्ही, आणि प्रत्येकापुढे तारीख. शेवटची ओळ एसटीडी फोनची, सन नव्वदची. मी शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. ऱ्हस्वदीर्घ मला विचारल्याशिवाय अप्पा ब्रश बुडवत नसत.

अप्पांना यंत्रांची मनापासून आवड. पेपर आला की आधी उपग्रह आणि संगणकाची बातमी वाचायची, मग बाकीचं जग. पूर्वी परगावी बोलायचं तर पोस्टात नंबर नोंदवून अर्धा दिवस बाकावर बसावं लागे, तरी लाइन मिळेल याचा नेम नसे. आता आपणच नंबर फिरवायचा आणि पुणं लागायचं. प्लायवूडची छोटी खोली, काचेचं दार, आत लाल आकड्यांचं मीटर. पहिल्या आठवड्यात लोक नुसते आकडे बघायला येऊन गेले.

अडचण आली ती बायकांची. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे पुष्कळ पुरुष पुण्याला, भिवंडीला कामाला. रविवारी त्यांच्या बायका फोन करायला यायच्या. नंबर लागायचा, पलीकडून कुणीतरी विचारायचं, "कोण पाहिजे?" आणि बाई गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? पदर सावरेपर्यंत पलीकडचा माणूस वैतागून फोन ठेवून द्यायचा.

अप्पांनी त्यावर आपली रीत बसवली. एक वही केली. डाव्या बाजूला बाईचं नाव, उजव्या बाजूला नवऱ्याचं नाव, गाव आणि नंबर. फोन स्वतः लावायचे, नाव स्वतः सांगायचे, माणूस आला की रिसीव्हर बाईच्या हातात देऊन काचेचं दार लावायचे आणि पायरीवर जाऊन उभे राहायचे. बोलणं संपेपर्यंत मागं वळून बघायचे नाहीत.

वस्तीवरच्या चांगुणाबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अप्पा, आमच्या मालकाचं नाव तुमीच लय घ्यायलाव. आता सैपाक पन तुमीच करून घाला त्याला!"

अप्पा शांतपणे म्हणाले, "करतो की. पर माझ्या हातचं खाल्लं की तो परत तुमच्याकडं येनार न्हाई."

अप्पा मालाला परभणीला गेले की त्यांच्या पत्नी नीलम्मा दुकान बघायच्या. वही बघून दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं त्या खणखणीत सांगायच्या. स्वतःच्या नवऱ्याचं मात्र लग्नापासून एकदाही उच्चारलेलं नव्हतं. त्यात हे नाव देवाचं. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्यावर त्या बारा ज्योतिर्लिंगांची नावं म्हणत. अकरा म्हणायच्या आणि उरलेल्या एकाला नुसते हात जोडायच्या.

ब्याण्णव साली अप्पांच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार जुना, जखम भरेना. धाकटा भाऊ चन्नबसप्पा त्यांना सोलापूरच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. पाचव्या दिवशी पोळा होता. सकाळी अकराच्या सुमाराला चन्नबसप्पाचा फोन आला. तिथल्या रस्त्यावरच्या बूथवरून बोलत होता.

"वैनी, दादाची दोन बोटं काळी पडलीत. डॉक्टर म्हणतो आज काढली तर पाय वाचतोय, न्हाई तर पाय जातो. दादा सही करीना. संध्याकाळच्या गाडीनं घरी येतो म्हणायलाय."

"मग तुमी तिथं काय करायलाव?"

"माझं कोन ऐकतंय वैनी? तुमीच सांगा. नंबर लिवून घ्या, बाराला दवाखान्याच्या काउंटरवर फोन लावा, नाव सांगितलं की खुर्चीत बसवून आणतील त्याला. मी रक्ताची बाटली आणायला चाललोय. डॉक्टर एकला निघून जातो."

आपण कुणाला नाव सांगायला सांगतोय, हे घाईत त्याच्या ध्यानात आलं नाही.

बाराला नीलम्मांनी नंबर फिरवला. तीन वेळा लागला नाही. चौथ्यांदा लागला.

"कोण पाहिजे?"

"आमचे मालक."

"नाव काय?"

"ताडकळसचे अप्पा. दुकानवाले."

"बाई, पुरुषांच्या वॉर्डात निम्मे अप्पाच आहेत. थांबा, बघतो."

बऱ्याच वेळानं पलीकडून एक थकलेला आवाज आला. "कोण, महादेवी का?"

"न्हाई. मी ताडकळसची नीलम्मा. तुमी कुठले?"

"मी अक्कलकोटचा."

"काय झालंय तुमाला?"

"हर्निया."

"बरं, जपा," म्हणून नीलम्मांनी फोन ठेवला. साडेबारा होऊन गेले होते.

त्या दारात आल्या. कुणालाही हाक मारली असती तर त्यानं नाव सांगितलं असतं. गावातल्या कुणाला अप्पांचं नाव माहीत नव्हतं? पण रस्त्यावर माणूस नव्हता. सगळं गाव बैल घेऊन वेशीकडं गेलं होतं आणि हलगीचा आवाज तेवढा येत होता. वेशीपर्यंत जाऊन यायचं तर त्यांच्या गुडघ्याला अर्धा तास लागला असता.

परत आत येऊन त्यांनी सवयीनं वही उघडली. नीलम्मा या नावाचं पान तिच्यात नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

पुन्हा फोन लावला. "अहो, साखरेचा आजार हाय, पायाला जखम हाय, ते."

"तसले सात आहेत. बाई, नाव सांगा, न्हाई तर ठेवतो."

दुकानात कुणी नव्हतं. तरी नीलम्मांनी काचेचं दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "भीमाशंकर गुरुलिंग साखरे." नवऱ्याचं आणि सासऱ्याचं, दोन्ही एका दमात.

"ऐकू येईना. मोठ्यानं बोला."

त्या मोठ्यानं बोलल्या.

अप्पांना चाकाच्या खुर्चीतून काउंटरशी आणलं. घरून बायकोनं नाव सांगून फोनवर बोलावलंय, असं तिथल्या माणसानं सांगितल्यावर अप्पा रिसीव्हर हातात घेईनात. "माझी बायको न्हाई ती. ती नाव घेनार न्हाई. फोन दुसऱ्या कुणाचा तरी असंल," म्हणाले. शेवटी त्या माणसानं तो त्यांच्या कानाला लावला.

"मीच हाय," नीलम्मा म्हणाल्या. "सही करा."

"तू नाव घेतलंस?"

"दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायला लावू नका. सही करा आधी."

पलीकडून नीलम्मांना ऐकू आलं, अप्पा कुणाकडं तरी पेन मागत होते.

महिन्याभरानं अप्पा घरी आले. दोन बोटं गेली, पाय राहिला. थोडं लंगडत का होईना, फोन लावून दिल्यावर पुन्हा पायरीवर जाऊन उभे राहू लागले. हे सगळं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. तपशिलात फरक एवढाच, की अप्पांच्या मते नाव तीनदा घेतलं गेलं.

दिवाळीआधी त्यांनी मला बोलावलं. निळा डबा उघडून बसले होते. "मास्तर, पोळ्याची तारीख टाकायचीय. पुढं काय लिवावं?"

आतून नीलम्मांचा आवाज आला. "एक अक्षर जरी लिवलं तर डबा हिरीत फेकीन."

अप्पांनी नुसती तारीख रंगवली आणि पुढची जागा कोरी ठेवली. गिऱ्हाइकं विचारायची, त्या दिवशी दुकानात काय आलं? अप्पा माझ्याकडं बघायचे. नीलम्मा साखर तोलता तोलता सांगायच्या, "काय न्हाई. लाइन खराब होती, ती नीट झाली."

सकाळच्या पूजेत त्या अजूनही अकराच नावं म्हणतात.