कनिष्ठेच्या मानेसाठी बारीक पातं

दत्तोपंतांवर उभ्या जन्मात स्वतःहून काही निवडायची वेळ आली नव्हती. शर्टाचं कापड आधी आईनं निवडलं, मग सुमतीनं. भाजीला पाठवलं तर भाजीवाली देईल ते पिशवीत, आणि घरी वांगं चिरलं की आतले बिऱ्हाडकरू बाहेर. अशा माणसाला कचेरी कायमची सुटल्यावर करवतींचं वेड लागलं, तेव्हा सुमती मनात म्हणाली, चला, एवढं तरी ह्यांच्या मनाचं झालं.

करवत म्हणजे झाडं पाडायची नव्हे. सोनार वापरतात ती, छोट्या चौकटीत ताणून बसवलेली, दोऱ्याएवढ्या पात्याची. तिनं ते पितळेच्या बारीकसारीक वस्तू कापत. कुणाच्या डब्याची कडी, कुणाच्या पेटीचं बिजागर. सुरुवातीला त्यांनी पातं उलटं बसवलं आणि अख्खी दुपार पितळाला नुसत्या गुदगुल्या करत बसले. मग शिकले. दात मुठीकडे झुकलेले हवेत. ताणलेलं पातं बोटानं छेडलं की टण् वाजलं पाहिजे. आणि मुख्य गोष्ट अशी, की धातूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात मावले पाहिजेत. जाडाला मोठे दात, पातळाला बारीक. हे ते घरी येईल त्याला सांगत. दूधवाल्याचंही ऐकून झालं होतं.

यंदा महालक्ष्म्या अगदी तोंडावर आल्या आणि घोळ झाला. घरच्या दोघी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळी मुखवट्यांच्या, सुमतीच्या आजेसासूच्या वेळच्या. त्यांची लोखंडी धडं गंजली म्हणून नवी करून आणली. ज्येष्ठा नव्या धडावर झकास बसली. कनिष्ठेचा गळा मूळचाच अरुंद. तो नव्या धडाच्या मानेच्या नळीवर अर्ध्यातच अडकला आणि मुखवटा रुसल्यासारखा कलून राहिला.

"वेल्डरकडे नेतो. मशीननं मिनिटात कापून देईल," दत्तोपंत म्हणाले.

"काही नको. माहेरवाशीण ना ती? तिला मशीनखाली घालता?"

"मग मीच कापतो. मानेला मागून एक बारीक चीर दिली की पितळ थोडं उघडेल आणि ती खाली उतरेल."

सुमतीनं कनिष्ठेचा मुखवटा उचलून मांडीवर घेतला. परवा आवाहन. पातं घसरलं आणि मुखवटा फाटला तर? ज्या तोंडाकडे पाहून तिनं लेकाची नोकरी मागितली, सुनेचं बाळंतपण सुखरूप मागितलं, ते तोंड बाजारात मिळत नाही.

"बरं. पण जपून हो," ती म्हणाली.

दत्तोपंतांनी गळ्याची पुढची कड बोटांत धरून जाडी पाहिली, डबीतून त्या मापाचं पातं काढलं, त्याला मेण लावलं, टण् वाजवून पाहिलं. मुखवटा पालथा धरला आणि मानेच्या मागच्या कडेवर करवत ठेवली. पहिल्याच ओढीला खट् झालं. पातं अडकलं आणि पितळाची कड कागदासारखी दुमडली.

त्यांनी करवत खाली ठेवली. "मी मापूनच घेतलं होतं गं."

"कुठून मापलं?"

"पुढून. हाराच्या खालून."

सुमतीनं मागची कड चिमटीत धरली आणि तिला हसूच फुटलं. "अहो, पुढे कोण घासतं? मागे अंबाड्याखाली गजऱ्याचं पाणी नि कुंकवाचं तेल साचतं, काळं पडतं. सासूबाईंनी तिथेच चिंच लावून जन्मभर घासलं, मीही तेच केलं. दोन सुनांनी मिळून माहेरवाशिणीची मान पार झिजवली!" दुमडलेली कड तिनं अंगठ्यानं हळूच सरळ केली. "उद्या बारीक पातं घ्यायला मीच येते दुकानात."

सकाळी दोघं लकडगंजला दादाजींच्या हत्यारांच्या दुकानात गेली. सुमतीनं सोबत देवघरातली मोडकी पळी घेतली होती. तीही त्याच चिंचेनं झिजलेली, तेवढीच पातळ.

"या जी दत्तोपंत! आज खुद्द वहिनीले घेऊन आले? काही तोडलं काय?" दादाजींनी विचारलं.

"तोडलं नाही, तोडून राहिले होते," सुमती म्हणाली. "बारीक दातांची पाती दाखवा. ह्या पळीला चालतील अशी."

"पळी काहून कापता जी? मोडकीच तर हाये."

"तुम्ही दाखवा तर."

दादाजींनी पुडकी सोडली. सुमतीनं डोळे मिटले आणि पात्यांवरून नख फिरवायला लागली. "ह्याचे दात मोजता येतात. नको... हे रव्यासारखं लागतं. हेही नको... हं. हे मैद्यासारखं."

दत्तोपंतांनी ते पातं पळीच्या कडेला लावलं आणि भिंगातून पाहिलं. "तीन दात मावले! बरोब्बर!"

"मग? मैद्याला रव्याची चाळणी लावून बसला होता तुम्ही."

"आता एकटे नका येत जाऊ जी दुकानात," दादाजी हसत म्हणाले. "अन् वहिनी, हे पातं लय नाजूक राह्यते. दोन-चार जास्तीचे घेऊन ठेवा."

घरी आल्यावर आधी पळी कापली. एक पातं तुटलं, पण काप सुरेख आला. मग सुमतीनं मांडीवर शालीची घडी ठेवली, त्यावर कनिष्ठेला पालथं घातलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दत्तोपंतांनी करवत लावली. ह्या वेळी खट् नाही, अडकणं नाही. नुसती सुर्र सुर्र, आणि शालीवर हळदीसारखी पितळाची पूड.

"बास, बास!" सुमती म्हणाली.

"अजून केसभर."

"बास म्हटलं ना!"

ते थांबले. मुखवटा धडावर ठेवून सुमतीनं वरून हलकेच दाबलं. मान थोडी उघडली आणि कनिष्ठा सरळ खाली जाऊन ज्येष्ठेच्या बरोबरीनं बसली. चिरेवर गजरा आला की काही दिसणार नव्हतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी शेजारच्या सिंधूताई हळदीकुंकवाला आल्या. दोघींकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "यंदा कनिष्ठेच्या तोंडावर काय तेज आहे वं सुमती! साडी नवीन आहे का?"

"साडी मागल्याच वर्षीची," सुमती म्हणाली. "यंदा तिला जरा मोकळं वाटतंय." आणि सिंधूताईंच्या वाटीत तिनं अजून एक पळीभर आंबील वाढली.