धुतलेल्या चादरींचं गाठोडं
उन्हात वाळलेल्या टॉवेलचा वास आला की मला राजघाटाजवळचा तो लॉज आठवतो, जिथे मी काउंटरवर बसायचो. बुऱ्हाणपुरात तेव्हा परदेशी पाहुणे यायला लागले होते, म्हणून मालकांनी प्रत्येक खोलीत कार्ड ठेवलं होतं: टॉवेल, चादरी रोज धुवायला टाकू नका, तापीचं पाणी वाचवा. पाहुण्यांना ते फार आवडलं. कपडे धुणाऱ्या मावशीला मात्र नगावर पैसे मिळायचे. एका सकाळी ती आली तेव्हा धुवायला काहीच निघालं नव्हतं. "आज राहू द्या, मावशी," मी म्हटलं. ती जागची हलेना. "भाऊ, खाली हाताने घाटावर गेली तर बाया विचारतील ना, लॉजचं काम सुटलं का म्हणून." मी कपाटातल्या धुतलेल्या चादरी काढून दिल्या, नुसत्या गाठोड्यात बांधून न्यायला. दुपारी ती परतली तेव्हा चादरी ओल्या होत्या. "पाण्याजवळ जाऊन नुसती कशी बसू?" एवढंच म्हणाली आणि त्या वाळत घालायला गच्चीवर गेली. परवा एका मोठ्या हॉटेलात उतरलो, तिथेही तसंच कार्ड होतं. धुवायचे टॉवेल तेवढे जमिनीवर टाका, असं त्यावर लिहिलं होतं. मी न वापरलेलेही टाकले.