पाण्यापासून जपायची पेनं

मामाजी गेल्याचा फोन मामीजींनी स्वतःच केला. मी नागपूरला ऑफिसात होते. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. आधी जेवलीस का विचारलं, मग सांगितलं. फोन ठेवल्यावर मी टेबलावरच्या वस्तू उगाच इकडच्या तिकडे करत राहिले... आता काही आठवडे झाले, पण हात अजून थांबलेले नाहीत.

मामाजी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर मामीजींना घेऊन एकोडीला, आपल्या धानाच्या शेतीवर परतले. त्यांना नाद होता जुन्या फ्रेंच फाउंटन पेनांचा. सुरुवात नागपूरच्या रविवारच्या जुन्या बाजारात झाली. तिथून आणलेलं एक काळं पेन त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि निबवरची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. मी तेव्हा शाळेत होते, इंग्लिश मीडियमची, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी. मला वाचता येईना. ते फ्रेंच होतं. माझे कान तापले. मामाजी म्हणाले, "तुले बी येत नाही, मले बी येत नाही. जमलं मंग आपलं."

ते खरंच जमलं. पुढे पार्सलं येऊ लागली. एका पेनावर सोन्याच्या पत्र्याची जाळी होती, एकाची निब कासवाच्या मानेसारखी आत-बाहेर व्हायची. मामीजी टोमणा मारायच्या, की वर्षातून एक सही करतात आणि पेनं पेटीभर. मामाजी हसून शाई भरायचे. नव्या पेनानं पहिलं माझं नाव लिहायचे, आणि मला कुठे पाहावं ते कळायचं नाही.

सगळ्यात लाडकं होतं एक हिरवं, दगडात असतात तशा रेघांचं. ते दुधापासून केलेल्या जुन्या प्लास्टिकचं होतं. "याले पाणी नाही दाखवाचं, फुगते," असं ते मला बजावायचे. दर रविवारी बाहेरच्या ओट्यावर गंजात, म्हणजे पातेल्यात, कोमट पाणी घेऊन पेनं धुणं चालायचं, पण दुधाची तीन-चार पेनं पेटीतच राहायची. ती खोलीत बसून कोरड्या फडक्यानं पुसायची. मामीजींना स्वयंपाकघरातून दिसायचा तो फक्त गंज.

आमच्याकडे मामा-मामी भाचीच्या पाया पडतात. मला त्याचा नेहमीच संकोच वाटत आलाय. तेरवीला मामीजींनी ते हिरवं पेन माझ्या ओंजळीत ठेवलं आणि वाकल्या. भाचीला द्यायची वस्तू वापरलेली, मळकी नको, म्हणून त्यांनी ते आदल्या दिवसापासून पाण्यात घालून ठेवलं होतं. पेन फुगलं होतं. रेघा पांढुरक्या पडल्या होत्या, टोपण लागत नव्हतं. एवढ्या माणसांत मी मूठ मिटून घेतली. "बाकीचे बी धुवून ठेवीन तुयासाठी," त्या म्हणाल्या.

नागपूरला परतल्यावर मला एका जागी बसवेना. सांगितलं तर त्यांच्या हातून काय झालं ते त्यांना जन्मभर सलणार. नाही सांगितलं तर उरलेली दुधाची पेनंही जाणार. फोन लावायचा, रिंग जायच्या आत कापायचा... पेन मी कपाटात ठेवलं, मग पर्समध्ये, मग पुन्हा कपाटात. शेवटी एका रविवारी सकाळची बस धरून एकोडीला गेले. ओट्यावर गंज मांडलेला होता. शेजारी टॉवेलवर पेनांची ओळ होती, सगळी अजून कोरडी. चप्पल न काढताच मी बोलले. "मामीजी, त्यातल्या काही पेनांना पाणी चालत नाही. ती दुधाची आहेत. हिरवं फुगलंय."

त्यांचा हात पाण्यावरच थांबला. "तेरवीलेच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही पाया पडत होतात."

"त्यायचं लाडकं होतं ते," त्या एवढंच म्हणाल्या. मग पदरानं हात कोरडे केले, बोटांच्या बेचक्यांतूनही, आणि विचारलं की यातली दुधाची कोणती.

मामाजी कसं ओळखायचे ते मी सांगितलं. पेन अंगठ्यानं जोरात घासून गरम करायचं आणि हुंगायचं. जळक्या दुधासारखा, थोडा औषधी वास आला तर ते दुधाचं. मामीजींनी एक तांबूस पेन उचललं, घासलं, नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं.

"हा त त्यायच्या बोटाचा वास होय," त्या म्हणाल्या. "मी कारखान्याचा समजत होती. रिटायर झाले तरी काहून जाऊन नाही राहिला, म्हणत होती."

मी गंजातलं पाणी अंगणात ओतून आले. पेन अजून त्यांच्या नाकाशीच होतं.