क्लॅरिनेट मास्तरची सहा वर्षं

हदगावाकडच्या लग्नांत एकेकाळी वरबाप म्हणायचे, घोडी उशिरा आली तर येऊ द्या, पण आनंदराज मास्तर वेळेवर पाहिजे. आनंदराजनं क्लॅरिनेट ओठाला लावलं, की वरातीतल्या बाया बोलायच्या थांबत आणि म्हातारे काठी टेकून उभे राहत. अंगानं तो भरलेला होता. रुंद खांदे, छातीत दम आणि ओठावर काळीभोर मिशी. रेणुकेनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मावसबहिणीच्या लग्नात. मांडवाच्या कोपऱ्यात डोळे मिटून वाजवत होता तो. पुढं त्याचंच स्थळ आलं तेव्हा तिनं आईला एका शब्दानंही नाही म्हटलं नाही.

त्यांची साक्षी सहा वर्षांची होती त्या साली भोकरचं लग्न उरकून बँडवाल्यांचा टेम्पो परत येत होता. भर दुपार होती. टायर फुटला आणि टेम्पो रस्त्याकडेच्या चरीत आडवा झाला. बाकीच्यांना खरचटलं, पण मोठा ढोल आनंदराजच्या कमरेवर आला. मणका पिचला. नांदेडला सात आठवडे तो दवाखान्यात उताणा पडून होता. सुटी देताना डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: दुखलंच तर ट्रामाडोलची कॅपसूल, पंधरा दिवस.

पहिली कॅपसूल घेतली ती संध्याकाळ त्याला अजून आठवते. अर्ध्या तासानं पाठीतली कळ कुणीतरी हळूच उचलून खोलीबाहेर ठेवली. वरचा पंखा सावकाश फिरत होता, आणि त्याला वाटलं, हा पंखा नाही, विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी आहे, आपण त्यावर पाठ टेकून निजलो आहोत. रेणुका भाकऱ्या करत होती. भाकरी थापल्याचा आवाज लांबून, एखाद्या दुसऱ्याच गावातून यावा तसा येत होता. कसली घाई नव्हती, कसली भीती नव्हती.

पंधरा दिवस संपले तेव्हा लग्नसराई तोंडावर होती. वरातीत चार-चार तास चालत वाजवावं लागतं. आनंदराजनं एक कॅपसूल घेतली आणि तो चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. गल्लीतल्या औषध दुकानदारानं जुनी चिठ्ठी पाहिली न पाहिल्यासारखी केली. पुढं एकीनं भागेना, दोन झाल्या. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला अशी वेळ ठरत गेली. सहाव्या वर्षी तो दिवसाला आठ घेत होता.

ती वर्षं त्याला आता नीट आठवत नाहीत. आठवतो तो मांडवाच्या गुलाबी कापडातून गाळून आलेला उजेड आणि त्या उजेडात तरंगणारे चेहरे. अक्षता पडायच्या, फटाके वाजायचे, आणि सगळं पातळ पडद्याआड घडल्यासारखं वाटायचं. क्लॅरिनेटमधून निघालेला सूर मात्र त्याला पडद्याच्या अलीकडं, अगदी कानाशी ऐकू यायचा. इतका गोड आपण आधी कधी वाजवला नव्हता, असंच त्याला वाटायचं. विष्णुपुरीकडं लग्न असलं की काम आटोपल्यावर तो काठावर जाऊन बसायचा. घटकाभर बसलो असं त्याला वाटायचं, आणि उठायचा तेव्हा ऊन कलून गेलेलं असायचं.

शरीर मात्र दुसरीच वाट चालत होतं. दिवसाआड दाढी करणाऱ्या माणसाचा ब्रश आता आठ-आठ दिवस कोरडा राहायचा. मिशी विरळ झाली. दंड उतरले, पोट सुटलं. ऐन थंडीत अंगातून वाफ निघावी तसा तो घामानं भिजायचा आणि शर्ट काढून ओट्यावर बसायचा. जिना चढताना दम लागायचा. चाळिशी आली, अपघात झाला, अशी कारणं त्यानं स्वतःपुरती शोधून ठेवली होती.

आणि रेणुकेकडं तो वळेनासा झाला. एकदा नव्हे, महिनोन्‌महिने. आधी दोघांनी पाठीच्या दुखण्यावर घातलं. नंतर दोन-चारदा त्यानं मनाविरुद्ध प्रयत्न केला आणि हिरमुसून कूस बदलली. मग तीही गोष्ट थांबली. खरं सांगायचं तर त्याला त्याचं फारसं वाईटही वाटेना, आणि वाईट वाटत नाही याचं त्याला कधीमधी नवल वाटायचं. आठवडी बाजारात तंबू टाकून बसलेल्या एका वैदूकडून त्यानं काळ्या पाकाची बरणी आणली होती. महिनाभर चाटली. गुण शून्य.

एके सकाळी साक्षी शाळेत गेल्यावर रेणुका त्याच्यासमोर येऊन बसली. हातात निवडायची तूर होती, पण ती निवडत नव्हती.

"एक विचारू? खरं सांगताल?"

"विचार की."

"तुमचं मन दुसरीकडं गेलंय का?"

"रेणू, दुसरीकडं असतं तर मला तरी ठावं राहिलं असतं. माझं मन कुटंच न्हाई."

हे ऐकून रेणुकेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. त्याचे डोळे मात्र कोरडेच राहिले.

त्याच आठवड्यात शरणप्पा घरी आला. शरणप्पा देगलूरकडचा, बँडात ताशा वाजवायचा, वीस वर्षांचा जोडीदार. चहा पिऊन झाला तरी तो उठेना. शेवटी त्यानं मोबाइल काढला.

"मास्तर, परवाच्या वरातीचं शूटिंग हाय. नवरदेवाच्या भावानं धाडलंय. ऐका जरा."

आनंदराज ऐकू लागला. मोबाइलमधला ताशा उड्या मारत होता आणि त्याच्यामागून एक क्लॅरिनेट फरफटत येत होतं. सूर खाली उतरलेले, मधल्या जागा गळालेल्या, फुंक अर्ध्यात तुटलेली. नाचणारी पोरं ताल चुकून एकमेकांकडं बघून हसत होती.

"कोण वाजवून राहिलाय हे?" त्यानं विचारलं.

शरणप्पानं मोबाइल त्याच्या आणखी जवळ धरला. तेवढ्यात कॅमेरा वळला आणि आनंदराजनं स्वतःला पाहिलं. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर मंद हसू, जणू स्वर्गात उभा आहे.

"दोन वर्सं झाली," शरणप्पा खाली बघत म्हणाला. "आम्हीच ताशा हळू करून सांभाळून घेत होतो. आता सांभाळंना गेलंय, मास्तर."

आनंदराज दिवसभर ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी त्यानं रेणुकेला बोलावून पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत कॅपसुलांच्या रिकाम्या पट्ट्या खच्चून भरल्या होत्या. तो दिवसाला एखाददुसरी घेतो असं तिला वाटत होतं. ती खाली बसली. मग म्हणाली, "अक्काकडं जाऊ. लातूरला."

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण सिंधु. लातूरच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. भावाला दारात पाहिल्याबरोबर म्हणाली, "आनंदा, हे काय रे ध्यान? बाप्यासारखा बाप्या, आन तोंड कसं उतरलंय!" सगळं ऐकल्यावर तिनं त्याला शिवी दिली, मग जवळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी हार्मोनच्या डॉक्टर वर्षाराणी बाईंची वेळ घेतली.

डॉक्टर बाई चष्म्याआडून शांत बघणाऱ्या होत्या. त्यांनी दाढीचं विचारलं, घामाचं विचारलं, झोपेचं विचारलं. मग अगदी साध्या आवाजात, भूक लागते का विचारावं तसं, विचारलं, "पहाटे उठता तेव्हा शरीर जागं झालेलं असतं का? पुरुषाला असतं तसं?"

आनंदराजनं मान हलवली. नाही. किती वर्षांपासून, तेही त्याला सांगता आलं नाही.

रक्त सकाळी आठ वाजताच घ्यायचं, असं बाईंनी सांगितलं, कारण हे हार्मोन सकाळी सगळ्यांत जास्त असतं. थोड्या दिवसांनी पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन एकशे दहाच्या आसपास आलं. या वयात निदान तीनशेच्या वर असायला हवं, बाई म्हणाल्या. हाडांचा फोटो काढला, तर हाडंही साठीच्या माणसासारखी विरळ झालेली.

"म्हणजे मी नामर्द झालो का बाई?" आनंदराजनं विचारलं. रेणुका शेजारीच बसली होती, तरी विचारलं.

"नाही. तुमच्या अंडकोशांत काही बिघाड नाही. त्यांना काम करायचा हुकूमच येत नाहीये. हा हुकूम मेंदूतून निघतो, रोज, ठरावीक अंतरानं. तुम्ही घेता ती गोळी अफूच्या जातीची आहे. ती दुखणं झोपवते, तसं मेंदूतल्या त्या जागेलाही झोपवते. हुकूम नाही म्हणून हार्मोन नाही. हार्मोन नाही म्हणून इच्छा नाही, ताकद नाही, दाढी नाही, हाडांत जीव नाही. आणि मनाला जे काहीच वाटेनासं झालं ना, त्यातलंही बरंचसं त्यानंच."

"सहा वर्सांत एकानंबी सांगितलं न्हाई," रेणुका म्हणाली.

"पुष्कळांना होतं हे. बाप्ये लाजेनं बोलत नाहीत, आणि आम्ही डॉक्टरही विचारत नाही." बाईंनी चिठ्ठीचा कागद पुढं ओढला. "हार्मोनचं इंजेक्शन आहे. पण आधी गोळी उतरवू. आपोआप परत येतंय का ते बघू. एकदम मात्र बंद करायची नाही. आठ घेताय तेच धोक्याचं आहे, फिट येऊ शकते. माझे एक सहकारी व्यसनाचं आणि दुखण्याचं दोन्ही बघतात. त्यांच्या सल्ल्यानं, हळूहळू."

व्यसन हा शब्द आनंदराजला बोचला. दारूच्या थेंबाला तो कधी शिवला नव्हता. पण वाद घालायचं बळही त्याच्यात नव्हतं.

सिंधुअक्कानं आपली पुढची खोली त्याला दिली. रेणुका साक्षीच्या शाळेसाठी हदगावला परतली आणि दर रविवारी एसटीनं येत राहिली. दीड-दोन महिन्यांनी एक कॅपसूल कमी व्हायची. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस नाक गळायचं, जांभयांवर जांभया यायच्या, पोट बिघडायचं, अंगावर काटा उभा राहायचा, पाय जागच्या जागी वळवळायचे. सगळ्यांत जड गेलं ते वेगळंच. तो पातळ पडदा सरकू लागला. गाड्यांचे भोंगे थेट कानात शिरायचे. गेल्या सहा वर्षांत न रडलेलं सगळं एकदम दाटून यायचं. शेजारच्या घरात बाळ रडलं तरी याच्या डोळ्यांना धार लागायची.

चौथ्या महिन्यात तो घसरला. दोन दिवस हदगावला आला होता. कमरेतून कळ निघाली, आणि पायांनी त्याला नकळत त्याच गल्लीत नेलं. दुकानदार हसून म्हणाला, "लई दिवसांनी, मास्तर!" त्यानं पट्टी घेतली, तिथंच तीन गिळल्या आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसला. तो जुना गोड उजेड आला. पण या खेपेला त्याला त्यात करमेना. रेणुका पाणी भरून आल्यावर त्यानं उरलेली पट्टी तिच्यापुढं ठेवली.

"घेतल्या," तो म्हणाला.

रेणुकेनं हंडा खाली ठेवला. "सांगितलं ते बरं केलं," म्हणाली. "उद्याच्या गाडीनं मीबी येते."

व्यसनाचं बघणारे ते डॉक्टर रागावले नाहीत. एक पायरी मागं येऊन पुन्हा उतरायला लागू, एवढंच म्हणाले. कमरेसाठी व्यायाम दिला. चालणं, शेक, दुसऱ्या जातीची एक सौम्य गोळी. सव्वा वर्षानं शेवटची कॅपसूल सुटली. त्यानंतर तीन महिन्यांनी सकाळी आठला घेतलेल्या रक्तात आकडा आला तीनशे चाळीस. जवान माणसाचा नव्हता, पण बाई समाधानानं हसल्या. इंजेक्शनची गरज पडली नाही. हाडांसाठी औषध मात्र पुढं चालूच राहणार होतं.

आकडा कळायच्या आधीच त्याला कळलं होतं. पहाटे स्वप्नं पडू लागली होती. इतकी वर्षं जागेपणी तरंगणाऱ्या माणसाला झोपेत मात्र काहीच दिसायचं नाही. आता कापसानं पांढरी झालेली शेतं दिसायची, वडील साहेबराव दिसायचे, कुणाची तरी वरात दिसायची. तो जागा व्हायचा तेव्हा अंगात पूर आल्यासारखं वाटायचं आणि तो लाजून चादर ओढून पडून राहायचा.

हिवाळ्यातल्या एका सकाळी, हदगावच्या घरात, रेणुका न्हाऊन आली आणि खिडकीपाशी केस पुसत उभी राहिली. उन्हात केसांतून वाफ निघत होती. आनंदराजनं अंथरुणातून पाहिलं आणि पाहतच राहिला. मानेवरून उतरलेला एक थेंब पाठीवर कुठं जातो ते त्याला बघायचं होतं. तिला ती नजर जाणवली.

"काय बघून राहिले?"

"तुला."

ती हसली, मग हसता हसता तिचा आवाज फुटला. "लई वर्सं लावली की हो," म्हणाली. उठून त्यानं दार लोटलं.

वरात त्यानं सोडली. कमरेला आता चार तास झेपत नाहीत, आणि दुखणं पुरतं गेलेलं नाही. थंडीत तर बसल्या जागेवरून उठताना आई आठवते. मांडवात खुर्चीवर बसून तो वाजवतो. पहिल्या वर्षी वाजवताना त्याच्या चुका त्यालाच ऐकू यायच्या आणि कान लाल व्हायचे. रोज सकाळी दोन तास नुसता श्वास धरायचा सराव त्यानं केला. परवा हिमायतनगरच्या एका लग्नात त्यानं सुरुवात केली, तेव्हा शरणप्पानं ताशा आपल्या मूळ चालीवर सोडला. आनंदराज दमला, पण मागं पडला नाही. वाजवून झाल्यावर एका बापड्यानं त्याला कोपऱ्यात गाठलं. तो पाठदुखीनं वाकला होता, आणि खिशातून तसलीच पट्टी काढून विचारत होता, मास्तर, ही बरी हाय का?

आनंदराजनं शेजारची खुर्ची ओढली. "बस," म्हणाला. "दाढी किती दिवसांनी करतोस, ते सांग आधी."